अण्णांची रविवारची ड्युटी

भानुदास अण्णांना पळताना मी कधी बघितलं नाही. एसटीत सत्तावीस वर्षं ड्रायव्हर होते, पण भूमच्या डेपोतून गाडी बाहेर काढायची म्हणजे आधी उजवीकडं बघणार, मग डावीकडं, मग परत उजवीकडं, आणि मगच हळू क्लच सोडणार. आतून लोक ओरडायचे, बार्शीची गाडी चुकंल, दवाखान्याची वेळ गेली. अण्णांचं एकच उत्तर असायचं, "घाई कुणाला हाय?" ज्याला घाई असायची तो आणखी चिडायचा.

माझं दुकान स्टँडच्या भिंतीला लागून आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो. माझी जीभ जरा जास्त चालते हे मला ठाऊक आहे, तिला घाबरून लोक सुटे पैसे घेऊनच येतात. रिटायर झाल्यावर अण्णा रोज सकाळी दुकानासमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत येऊन बसायला लागले. अंगात पांढरा सदरा, खाली मात्र खाकी पँटच. पाठ स्टँडकडं करून बसायचे आणि नुसत्या आवाजावरनं सांगायचे, "परंडा निघाली. आज साळुंके हाय गाडीवर, दुसऱ्याचा गिअर किती वरबडतोय बघा." मी मान वर करून बघितलं की खरंच साळुंके असायचा.

दुसऱ्या कुणाला मी असं दिवसभर बसू दिलं नसतं. पण अण्णांचं घर माझ्या दुकानामागच्याच बोळात, आणि घरात माणूस नाही. बायको वारली तेव्हा पोरगा अमोल पाच वर्षांचा होता. याच डेपोत, कंडक्टरांच्या मांडीवर आणि कँटीनच्या बाकावर तो वाढला. दहावी-बारावीत माझ्याकडंच नोट्सच्या झेरॉक्स काढायचा, आणि उधारी ठेवली तर दुसऱ्या दिवशी आठवणीनं आणून द्यायचा. त्या अमोलचं नाव अण्णांच्या तोंडून मी सहा वर्षांत ऐकलं नव्हतं.

काय झालं होतं ते सगळ्या भूमला माहीत होतं. अमोल पुण्याला इंजिनिअरिंगला होता. सुट्टीला आला आणि बापाच्याच गाडीनं परंड्याला मित्राकडं निघाला. केबिनच्या मागच्या सीटवर बसला होता. गाडीत ओळखीचे एक गृहस्थ होते, त्यांचा भाचा त्याच कॉलेजात. ते सहज बोलून गेले, "तुमच्या पोरानं वर्ष झालं कालेज सोडलंय म्हणं, खरं हाय का?" बाप वर्षभर फी पाठवत होता, आणि पोरगा तिकडं कुठल्यातरी दुकानात कामाला होता.

उभ्या नोकरीत स्टॉप सोडून कुठं गाडी न थांबवलेल्या माणसानं त्या दिवशी मधल्याच एका फाट्यावर ब्रेक दाबला. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. "उतर," म्हणाले. अमोल काहीतरी सांगायला लागला. "गाडीतनं उतर." गच्च भरलेल्या गाडीसमोर पोरगा खाली उतरला. त्यानंतर तो भूमला आला नाही. फोन नंबरही बदलला.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे दोन वर्षांपूर्वीची एक सकाळ. अण्णा खुर्चीत न बसता थेट काउंटरशी आले आणि म्हणाले, "ताई, मला खेळायचा कंप्युटर बनवायचाय."

मी म्हणाले, "कशाचा?"

"खेळायचा. गेमचा. शफिक म्हणतोय, इकत घ्याया गेलं तर आपल्याला न झेपणारा हाय. पर एकेक पार्ट जमवून बनवता येतो."

मला हसूच आवरेना. साठीला टेकलेला माणूस! पण ते हसत नव्हते, म्हणून मी गप्प झाले. मग त्यांनी सगळं सांगितलं. शफिक म्हणजे अमोलचा शाळेतला दोस्त, स्टँडसमोर मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं होतं, की दर रविवारी दुपारी ते दहा-बारा जण इंटरनेटवर एक खेळ खेळतात, आणि अमोलही त्यात असतो. खेळ कसला, तर ट्रक चालवायचा. माल भरायचा, सगळ्यांनी रांगेनं एका गावाहून दुसऱ्या गावाला न्यायचा, आणि कानाला हेडफोन लावून एकमेकांशी गप्पा मारत जायचं.

"ट्रक चालवतोय ओ," अण्णा म्हणाले. "माझा पोरगा."

मी म्हणाले, "त्यापेक्षा शफिककडून नंबर घ्या ना."

"देत न्हाई. अमोलनं त्याला शपत घातलीय. आन दिला तरी, म्या हॅलो म्हणल्यावर त्यो ठिवून देणार. तिथं कसं, मला बोलायचंच न्हाई. म्या आपला मागनं गाडी चालवीन. त्याचा आवाज ऐकू आला तरी बास."

त्या दिवसापासून जमवाजमव सुरू झाली. एसटीची पेन्शन किती असते ते ज्याला मिळते त्यालाच ठाऊक, पण अण्णांच्या हातात एक दौलत होती. या मार्गावरचा प्रत्येक ड्रायव्हर, प्रत्येक कंडक्टर त्यांना मानायचा. शफिक मोबाईलवर जुने पार्ट हुडकायचा, आणि पार्ट यायचा गाडीतनं, हातोहात. रॅम सोलापूरहून आली ती कंडक्टरच्या शर्टाच्या खिशात. ग्राफिक कार्ड, म्हणजे ज्याच्यावर खेळातली सगळी चित्रं पळतात ते, पुण्याहून आलं. ते आणणाऱ्या ड्रायव्हरला अण्णांनी फोनवर बजावलं होतं, "खड्ड्यात आदळू नगंस, तान्हं लेकरू हाय म्हण." भूमचा खवा पुण्याला पोचवून परत येणाऱ्या रिकाम्या पाट्यांमध्ये गोधडीत गुंडाळून ते कार्ड भूमला पोचलं. त्याला कितीतरी दिवस खव्याचा वास येत होता. मदरबोर्ड आणि प्रोसेसर बार्शीच्या एका बंद पडलेल्या कंप्युटर क्लासमधले. मॉनिटर माझ्या दुकानातला जुना. कॅबिनेट घ्यायला पैसे उरले नाहीत, म्हणून अण्णांनी घरातली पत्र्याची ट्रंक घेतली, छन्नीनं बाजूला भोकं पाडली आणि आत सगळं स्क्रूनं बसवलं. गरम होऊ नये म्हणून झाकण काढून टाकलं.

मदरबोर्डला ते इंजिन म्हणायचे, पॉवर सप्लायला बॅटरी, आणि पंख्याला रेडिएटर. शफिक कपाळाला हात लावायचा, "चाचा, नाव तर बरोबर घ्या!" पण वायर कुठली कुठं जाते ते अण्णांना एकदा सांगितलं की पुरे. प्रत्येक जोडाला त्यांनी कापडी पट्टी बांधून वर पेनानं लिहून ठेवलं होतं.

सगळं जुळलं त्या दिवशी मला निरोप आला, या म्हणून. जाऊन बघते तर ट्रंकेला हळद-कुंकू लावलेलं, टेबलाच्या पुढच्या पायाखाली लिंबू, उदबत्ती पेटलेली. शफिकनं बटण दाबलं, पंखा फिरला, स्क्रीनवर उजेड आला. अण्णांनी हात जोडले, "सोनारीच्या भैरोबाच्या नावानं चांगभलं" म्हणाले, आणि डेपोत नवी गाडी आली की बंपरवर फोडतात तसा नारळ ट्रंकेच्या कडेवर फोडला.

सगळं पाणी आत. चर्र करून आवाज आला, जळका वास सुटला आणि स्क्रीन काळी झाली.

"या अल्ला, चाचा!" शफिक ओरडला. आणि मी, माझी ही जीभ, मी म्हणाले, "अण्णा, अक्कल काय डेपोत जमा करून आलात का हो?"

त्यांच्या दोन्ही हातांत नारळाची दोन भकलं तशीच. शफिकला हळूच विचारलं, "इंजन गेलं?"

"गेलं, चाचा."

मग अण्णांनी खोबऱ्याचे तुकडे केले. "परसाद तर घ्या," म्हणाले. आम्ही तिघांनी उभ्यानंच खाल्लं. माझं ते बोलणं मला आजही टोचतं. त्यांनी ते कधी मनात ठेवलं नाही, म्हणून जास्तच टोचतं.

दुसऱ्या मदरबोर्डसाठी अण्णा चार महिने एका शाळेच्या गाडीवर बदली ड्रायव्हर म्हणून गेले. बीपीची गोळी चालू होती, डॉक्टरनी ड्रायव्हिंग नको सांगितलं होतं. मी बोलले तर म्हणाले, "पोरं हायेत गाडीत. पोरांची गाडी जड न्हाई वाटत." संध्याकाळी माझ्याकडं टायपिंग शिकायला यायचे. एका बोटानं. 'हो', 'येतो', 'थांबा' हे तीन शब्द पक्के झाल्यावर म्हणाले, "बास, एवढ्यात समदा रस्ता कटतो."

आणि मग एका रविवारी ते खरंच त्या रांगेत जाऊन उभे राहिले. शफिकनं नाव लावलं होतं 'सोनारीकर'. बाकीच्यांना सांगितलं होतं, सोनारीचे एक काका आहेत, घशाचा त्रास आहे, बोलत नाहीत. मी माझा मॉनिटर बघायच्या निमित्तानं गेले होते. अण्णा खाकी पँट, वर खाकी सदरा, पूर्ण युनिफॉर्म घालून बसलेले. टेबलाला शफिकनं कुठूनतरी आणलेलं जुनं खेळण्याचं स्टिअरिंग घट्ट बांधलेलं. त्याला क्लच नव्हता, तरी गिअर टाकताना अण्णांचा डावा पाय रिकाम्या फरशीवर दाबला जायचा.

दहा मिनिटं झाली असतील. एकदम त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला. "ताई, ऐका जरा. त्योच हाय का? मला कळंना झालंय."

सहा वर्षांनी आवाज थोडा जाड झाला होता. पण झेरॉक्सच्या काउंटरवर मी तो इतक्यांदा ऐकला होता. तो म्हणत होता, "अरे, त्या मागच्या काकांना येऊ द्या की रे. मी थांबतो त्यांच्यासाठी, तुम्ही व्हा पुढं."

"तोच आहे," मी म्हणाले. अण्णांनी हेडफोन परत लावला आणि गाडी चालवत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण स्टिअरिंगवरचा हात पुसायलासुद्धा काढला नाही.

त्यांचं चालवणं म्हणजे त्या पोरांना मोठी करमणूक होती. रेल्वे फाटकाला थांबायचं, गावातनं जाताना वेग कमी, वळणाच्या कितीतरी आधी इंडिकेटर, ओव्हरटेक तर नाहीच. पोरं चेष्टा करायची आणि अमोल त्यांना दटावायचा. दर रविवारी आल्या आल्या विचारायचा, "काका, घसा बरा आहे का?" अण्णा एका बोटानं लिहायचे, 'हो'. सोमवारी दुकानात येऊन मला सगळं सांगायचे. आज खोकत होता. आज म्हणला, स्वयंपाक मीच करतो. आज एकदा हसला. इतका आनंदी माणूस त्या वर्षात मी दुसरा बघितला नाही.

मग एक सोमवार असा आला, की अण्णा आले आणि खुर्चीत नुसते बसून राहिले. परंडा गेली, बार्शी गेली, काही बोलले नाहीत. मी पाणी दिलं. मग म्हणाले, "काल बाकीची पोरं लवकर गेली. आमी दोगंच होतो. त्यो बोलाया लागला, आपल्या बापाविषयी."

अमोल त्या 'सोनारीकर' काकांना सांगत होता, की मला फाट्यावर उतरवलं त्याचं एवढं काही नाही. चूक माझीच होती. पण मी तिथंच थांबलो होतो. अडीच तास. परतीच्या फेरीला अण्णा येतील, तोवर राग निवळला असेल, गाडीत घेतील, असं वाटत होतं. गाडी आली. नंबर तोच. मी रस्त्याच्या मधोमध येऊन दोन्ही हात वर केले. गाडी बाजूनं निघून गेली. माझ्या बापानं मला बघून गाडी थांबवली नाही, काका.

"ताई," अण्णा म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा फुटला की पलीकडचा चहावाला वळून बघायला लागला, "त्या गाडीत म्या नव्हतोच ओ! परंड्यात कंट्रोलरनं माझी ड्युटी बदलली, मला बार्शीला धाडलं. त्या गाडीवर दुसराच ड्रायव्हर होता. सांजच्याला भूमला आलो आन तसाच फटफटी घिऊन फाट्यावर गेलो. कुणीच नव्हतं. म्हणलं, पोरानं वाट बी बघितली न्हाई. म्या त्याच्यावर राग धरून बसलो, आन त्यो माझ्यावर."

मी म्हणाले, "मग सांगा त्याला. हेडफोनला माईक आहे, बटण दाबा आणि बोला."

"बोललो आन त्यो गेला तर? आत्ता निदान आवाज तर येतोय."

"जाणार नाही हो. इतकी वर्षं ज्यासाठी रुसला ते खोटं निघालं म्हटल्यावर कशाला जाईल? बोलून टाका." मी म्हणाले हे. मीच म्हणाले. कुणी विचारलं नसतं तरी मी म्हटलंच असतं, कारण गप्प बसणं मला जमत नाही.

त्या रविवारी त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. बाकीची पोरं जाईपर्यंत थांबले. स्क्रीनवर पुढं अमोलचा पांढरा ट्रक, मागं यांचा. अण्णांनी बटण दाबलं.

"अमोल," म्हणाले. "म्या अण्णा."

पुढचा पांढरा ट्रक जागेवर थांबला.

"त्या गाडीत म्या नव्हतो रं बाळा. परंड्यात ड्युटी बदलली हुती. आईशप्पत, म्या असतो तर थांबवली असती."

पांढरा ट्रक थोडा वेळ उभा होता. मग स्क्रीनवरून नाहीसा झाला. रस्ता रिकामा. अण्णा बराच वेळ त्या रस्त्याकडं बघत राहिले आणि मग मला विचारलं, "नेट गेलं काय ओ?"

"हो," मी म्हणाले, "नेटच गेलं असणार." कोपऱ्यात ठेवलेल्या मोबाईलवर नेट चालू असल्याचा दिवा लुकलुकत होता, तो त्यांनाही दिसत होता.

त्यानंतर अमोल आला नाही. पाच रविवार गेले. अण्णा मात्र दर रविवारी युनिफॉर्म घालून बसायचे, रांग ज्या ठिकाणाहून निघायची तिथं ट्रक लावून. पोरं म्हणायची, काका चला. हे लिहायचे, 'थांबा'. पोरं निघून जायची. मला बघवत नव्हतं. मी शफिकवर आरडाओरडा केला, शपथ गेली खड्ड्यात, नंबर दे म्हणून. त्यानं स्वतःच फोन लावला होता, दहादा. अमोल उचलत नव्हता. अण्णांना मी म्हणाले, आपण पुण्याला जाऊ, शोधू. ते म्हणाले, "त्याला वेळ लागंल. घाई कुणाला हाय?" पण गालफडं बसली होती आणि जिना चढताना थांबायला लागले होते.

सहाव्या रविवारनंतरच्या मंगळवारी सकाळी अण्णा डेपोच्या कँटीनमध्ये बाकावर बसल्या बसल्या गेले. चहा समोर होता. बार्शीची गाडी निघेपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नाही.

या वेळी शफिकनं दुसऱ्याच नंबरवरनं फोन केला आणि अमोलनं तो उचलला. दुपारपर्यंत पोचला. अग्नी त्यानंच दिला. तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर तो माझ्या दुकानात आला, काउंटरला धरून उभा राहिला. मी त्याला फाडून खाणार होते. काय काय बोलायचं ते सगळं ठरवून ठेवलं होतं मी. पण त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

"मावशी," तो म्हणाला, "आवाज ऐकला ना, तेव्हाच कळलं होतं, खरं बोलतायत. पण एवढी वर्षं धरलेला राग... सोडायचा कसा तेच येईना मला. कुठल्या तोंडानं बोलू? तुम्हाला वर्षभर फसवलं, तुमचे पैसे खाल्ले, आणि वर तुमच्यावरच रुसून बसलो, असं म्हणू?"

मग म्हणाला, "गेल्या रविवारी मी होतो तिथं. दुसऱ्या नावानं. लाल ट्रक घेऊन त्यांच्या मागं येऊन थांबलो होतो. तासभर माईकच्या बटणावर बोट ठेवून बसलो. म्हटलं, पुढच्या रविवारी नक्की बोलेन." आणि काउंटरवर डोकं ठेवून पोरगा असा रडला की फॉर्म भरायला आलेली बाई त्याच्या पाठीवर हात फिरवायला लागली. कोण, काय, तिला काही माहीत नव्हतं.

तो लाल ट्रक मी बघितला होता. त्या रविवारी चारच्या सुमाराला मी अण्णांकडं धपाटी घेऊन गेले होते. ते नेहमीसारखे बसलेले, आणि तोंडावर बऱ्याच दिवसांनी जरा तरतरी होती.

"या ताई," ते म्हणाले, "ह्यो बघा कुणीतरी नवा आलाय. नाव इंग्रजीत हाय, मला लागंना. तासभर झाला, माझ्या मागं येऊन उभा हाय. हारन न्हाई, काय न्हाई. बाकीची पोरं गेली निघून. वाट ठाव नसंल बिचाऱ्याला."

मी म्हणाले, "असेल कुणीतरी. तुम्ही आधी खाऊन घ्या."

"खातो की. आदी ह्याला घिऊन जातो." त्यांनी इंडिकेटर दिला, उजवीकडं बघितलं, डावा पाय फरशीवर दाबला आणि ट्रक हळूच रस्त्यावर घेतला. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या छोट्या आरशात लाल ट्रक हलला आणि मागं यायला लागला.

"आला बघा, आला!" अण्णा खूश होऊन म्हणाले. वळण यायच्या खूप आधी ते इंडिकेटर देत होते, चढाला वेग कमी करत होते, आणि नजर सारखी त्या आरशात. मी धपाटी झाकून ठेवली आणि निघते म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही.

"आज जरा लांबनं फिरवून आणतो त्याला," ते म्हणाले.